जजसाहेबांना दिलेलं अभय

आधीच सांगून ठेवतो, वसंतात मी बंदूक घेऊन रानात जातो ते टर्की पक्षी मारायला नाही! मारायचं काय, कुणीही मारतो. चाप ओढायला अक्कल लागत नाही. मी जातो ते पहाटेच्या गारव्यासाठी, डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांसाठी, पाचोळ्यातून डोकं वर काढणाऱ्या अळंब्यांसाठी. टेकडीवरून नर टर्की पहिली आरोळी देतो तेव्हा अंगावर काटा येतो, त्यासाठी. मिझुरीतल्या आमच्या ओझार्क डोंगरात हे समजणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे मी, ऑर्विल स्ट्राउड.

आता हे तत्त्वज्ञान मला सुचलं कसं, ते विचारू नका. बरं, विचारलंतच तर सांगतो. अकरा वसंत मी नेमानं रानात गेलो आणि अकरा वसंत हात हलवत परत आलो. सहा वेळा नेम चुकला, दोनदा झोप लागली, एकदा काडतुसं स्वयंपाकघराच्या टेबलावरच राहिली. पाचव्या वर्षापासून बायकोनं, नॅडीननं, "काय आणलंत?" असं विचारायचंच सोडून दिलं. माणसाला काहीतरी बोलावं लागतं हो! मी फुलांबद्दल बोलायला लागलो. लोकांना ते आवडलं.

इतकं आवडलं, की यंदा मार्चमध्ये चर्चच्या जेवणात पाद्री पेटिग्रूंनी मला उभं करून चार शब्द बोलायला लावले. मी जजसाहेबांबद्दल बोललो. जजसाहेब म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात थोर नर टर्की. काळा झगा, संथ चाल, छातीवर राठ केसांचा झुपका लोंबतो त्या दाढ्या एकाऐवजी दोन आणि उजव्या पायाचं मधलं बोट गायब.

"वीस पावलांवर होते ते," मी म्हणालो. "आणि मी बंदूक खाली ठेवली!" (ठेवली हे खरंच. त्याआधी दोन बार फुकट गेले होते, एवढं सांगायचं राहिलं.) "मित्रहो, काही जीव मारायचे नसतात, नुसते बघायचे असतात!"

बायका डोळे पुसायला लागल्या. पाद्रीसाहेबांनी तिथल्या तिथे सगळ्या शिकाऱ्यांना शपथ घालून टाकली: जजसाहेबांवर कुणी बार टाकायचा नाही. सगळ्यांत आधी हात वर केला तो माझ्या मेहुण्यानं, हॉलिसनं. तोवर हा हॉलिस मला चारचौघांत 'फुलवाला' म्हणायचा. त्या दिवसापासून अदबीनं 'दाजी' म्हणायला लागला! साठाव्या वर्षी मला सासरी मान मिळाला. तो मला जिवापेक्षा प्यारा होता.

आणि मग शिकारीच्या हंगामातला तो दुसरा बुधवार उजाडला.

मी ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो होतो. हातात लाकडी डबी. तिचं झाकण घासलं की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. मी दोनदा घासलं. टेकडीवरून उत्तर आलं. पुन्हा घासलं. उत्तर जवळ आलं. आणि फुलांच्या आडून शेपटीचा पंखा उघडून साक्षात जजसाहेब बाहेर पडले! मागून कोवळं ऊन. एकेक पीस तांब्यासारखं झळकत होतं. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी मनात म्हटलं, 'ऑर्विल, हेच ते. हेच बघायला तू येतोस. डोळे भरून बघ.'

ठो!

बोट माझंच होतं, पण मला विचारून हललं नाही. धूर विरला तर जजसाहेब आडवे! मी टोपी उडवली, नाचलो, ओकला मिठी मारली. बारा वर्षांत इतका आनंद झाला नव्हता, लग्नाचा वाढदिवस धरून! मग पायाचं गायब बोट पाहिलं आणि शपथ आठवली. तुम्ही म्हणाल, आधी आठवली नाही? खरं सांगू? दाढ्या मी आधीच मोजल्या होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या घळीतून हाक आली. "दाजी! बार तुमचा का?"

हॉलिस! मी जजसाहेबांवर कोट टाकला आणि त्यांच्यावरच बैठक मारली.

"काय झालं, दाजी?" हॉलिस धापा टाकत आला.

"साप!"

"लागला?"

"छे! चुकला."

"ते बाकी तुमच्याच हातून व्हायचं," म्हणत त्यानं समोरच बूड टेकलं आणि थर्मास उघडला. आता हा कॉफी पिणार! इतक्यात कोटाखाली जजसाहेबांनी शेवटची फडफड केली. मी बसल्या जागी वीतभर उडालो.

"हे काय?"

"उचकी!"

"बुडाला?"

"वयानं होतं तसं," मी म्हणालो.

हॉलिसनं एक कप माझ्या हातात दिला, स्वतः कॉफीचा घोट घेतला आणि दूर बघत बसला. "दाजी, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. गेल्या गुरुवारी जजसाहेब माझ्यासमोर होते. वीस पावलं. बंदूक रोखलेली. आणि तुमचे शब्द आठवले. बंदूक खाली ठेवली. नुसतं बघितलं. रडलो हो मी, दाजी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा दांडगा माणूस शपथ पाळतो आणि मी, शपथेचा बाप, गुन्ह्यावर बसून कॉफी पितोय!

"दाजी," हॉलिस एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या कोटाला पंख फुटलाय."

मी खाली पाहिलं. हातभर पंख बाहेर आला होता.

"उठा, दाजी."

मी उठलो. कोट बाजूला केला. हॉलिसनं टोपी काढली. मीच बोलायला लागलो. अकरा वर्षं, हॉलिस! नॅडीन विचारायचीसुद्धा थांबली होती! शेपटीचा एक पंखा भिंतीवर लावायला मिळावा, इतकीच इच्छा होती! मी ढोंगी आहे, चर्चमध्ये उभं करून सांग सगळ्यांना, पण आता 'फुलवाला' म्हणू नकोस!

"सांगणारच आहे," हॉलिस म्हणाला. "रविवारी! सगळ्यांसमोर! पण आधी पिसं काढू. वाया घालवलं तर दुसरं पाप."

मी रीतीप्रमाणे शिकार खात्याला फोन करून नोंद केली. पलीकडच्या यंत्रानं "अभिनंदन" म्हटलं. मग दोघं पिसं उपटायला बसलो. मी मांडीकडून, तो छातीकडून, एकमेकांकडे न बघता.

मांडीवर एक गाठ लागली. सुरीनं चिरली. आत छर्रा. जखम जेमतेम आठवड्याची. छर्ऱ्यावर तांब्याचा मुलामा. आमच्या अख्ख्या तालुक्यात तांब्याचा मुलामा दिलेले महागडे छर्रे एकच माणूस वापरतो. ते त्यानंच सगळ्यांना ऐकवून ऐकवून बेजार केलंय.

"हॉलिस," मी म्हणालो, "गुरुवारी नुसतं बघितलंस?"

त्याचे कान लाल झाले. "आधी बघितलं," तो म्हणाला.

पाठीत आणखी तीन छर्रे निघाले. हे वाकडेतिकडे, एकही धड गोल नाही. छर्रे घरी ओतून काडतुसं भरतात ते पाद्री पेटिग्रू. त्यांच्या छर्ऱ्यांवरून आम्ही त्यांना नेहमी चिडवतो.

"अरे देवा," हॉलिस म्हणाला.

मग हॉलिसनं ते सगळे छर्रे उचलून घळीतल्या ओढ्यात फेकले.

"दाजी, जजसाहेब जिवंत आहेत."

"पण पंखा? भिंतीवर..."

"कसला पंखा? पंखा लावलात तर लोक विचारतील. विचारलं तर पाद्रीसाहेबांपर्यंत जाईल. माझ्यापर्यंत तर आधी येईल! जिवंत आहेत म्हणतो ना!"

पंखा कपाटात गेला, नॅडीनच्या हिवाळी कपड्यांच्या मागे. जजसाहेब पातेल्यात गेले. चार तास शिजले. नॅडीननं एक घास चावला, चावतच राहिली, आणि म्हणाली, "बारा वर्षं थांबले मी. या चपलेसाठी?"

शनिवारी ऑपलच्या कॅफेत सगळी मंडळी जमली. पावासारखी गरम बिस्किटं, त्यांवर दाट रस्सा, कॉफी. हॉलिसनं घसा साफ केला. "आज पहाटे जजसाहेब पुन्हा दिसले. पंधरा पावलं! बंदूक खाली ठेवली."

"मला काल दिसले," पाद्री पेटिग्रू म्हणाले. "दहा पावलं. काय तेज हो चेहऱ्यावर! मी तर गुडघे टेकले."

सगळे भारावले. माझ्या पोटात त्या जजसाहेबांचं एक तंगडं होतं. मी तोंड उघडलं. हॉलिसनं टेबलाखालून नडगीवर लाथ घातली. मी तोंड मिटलं.

"आणि ऑर्विल, तुम्हाला?" पाद्रीसाहेबांनी प्रेमानं विचारलं. "तुम्हाला दिसले की नाही यंदा?"

"मला? नाही बुवा."

ऑपलनं माझ्या कपात कॉफी ओतली आणि माझा खांदा थोपटला. "जाऊ द्या हो, पाद्रीसाहेब. नका विचारू बिचाऱ्यांना. ज्यांना मारता येतं त्यांनी सोडून दिलं तर गोष्ट वेगळी."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हॉलिस हसला.

मी म्हटलं, "यंदा अळंब्या मात्र भरपूर आल्यात."