फालकेत्ताची उजवी बाजू

गाडी जोवर चालते तोवर तिला इतिहास नसतो, नुसती दुरुस्ती असते. ती चालायची थांबली आणि काचेआड जाऊन बसली, की मग तिचा इतिहास सुरू होतो. आणि तो लिहायला समिती लागते.

इटलीत मोदेनाच्या पलीकडे, स्त्रादात्सी शेठच्या कारखान्यात, फालकेत्ता ही गाडी जन्मली त्याला आता साठ वर्षं होतील. एकूण एकशे बारा गाड्या झाल्या. त्यातल्या आज जगात एकशे एकोणचाळीस शिल्लक आहेत. (समितीच्या मते ही जपणुकीची कमाल आहे.)

या गाडीचं इंजिन पुढे नाही, डिकीतही नाही. ते मधोमध, माणसाच्या पाठीला टेकून असतं. या क्रांतिकारक विचारावर समितीच्या ग्रंथात चाळीस पानं आहेत. गावात त्यावर एकच वाक्य आहे. शेठची सासू दर रविवारी मागच्या सीटवर बसून बोलोन्यापर्यंत गाडी कशी हाकायची ते सांगायची, म्हणून शेठने ती सीटच उपटली आणि तिथे तिच्याहून मोठा आवाज करणारं एकमेव यंत्र बसवलं. सासू पुढे चार वर्षं जावयाशी बोलली नाही, त्यामुळे हा शोध पूर्ण यशस्वी मानतात.

पण समितीचा खरा जीव आहे तो गाडीच्या उजव्या बाजूवर. ही बाजू डावीपेक्षा अकरा मिलिमीटर फुगीर आहे. प्रत्येक गाडीत, अगदी मोजून अकरा. समितीचे अध्यक्ष प्रोफेसर गिराल्दी यांनी यावर तीन पुस्तकं लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की मोदेनाहून बोलोन्याला जाताना उजव्या हाताला डोंगर, डोंगरावरून वारा, आणि त्या वाऱ्याला तोंड द्यायला ही बाजू मुद्दाम फुगवलेली. (परत येताना वारा डावीकडून लागतो, त्याचं काय, यावर चौथं पुस्तक छापायला गेलंय.)

आता आर्जा मालागोलीचं ऐका. वय एक्क्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, जिभेला मात्र काही झालेलं नाही. तिचं म्हणणं, "डावी बाजू वास्कोने ठोकली, उजवी मी. वारा कुठला आलाय त्यात?"

वास्को म्हणजे तिचा नवरा. त्या काळी कारखान्यात नकाशा नसायचा. (नकाशे गाडी झाल्यावर काढत, फायलीत लावायला.) तारेचा सांगाडा, झाडाचा पोखरलेला ओंडका, वाळू भरलेली चामड्याची पिशवी, लाकडी हातोडा आणि अॅल्युमिनियमचा पत्रा, एवढ्यावर काम चालायचं. एक बाजू एकाने घ्यायची, दुसरी दुसऱ्याने. वास्कोचा हात आखडता. आर्जाचा हात सढळ. तिची तोर्तेल्लीनी, म्हणजे मैद्याच्या भरल्या कळ्या, अजून बघा, सारणाने फुटायला आलेली असतात. तिने ठोकलेला पत्राही तसाच.

अडचण एकच होती. पत्रेकामावर बाई दाखवायची सोय नव्हती, म्हणून शेठने हजेरीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'झाडलोट'. नऊ वर्षं तिने झाडलोट म्हणून एकशे बारा गाड्यांच्या उजव्या बाजू काढल्या. कारखान्यातली खरी झाडलोट वास्को करायचा, पण ती त्याच्या कागदावर कुठे नाही.

साठीनिमित्त समितीने मोठा ग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा आर्जाने एकच गोष्ट मागितली. एक ओळ. 'उजवी बाजू: आर्जा मालागोली.' बाकी वारा, डोंगर, काय वाटेल ते घाला.

समितीने आधी वास्कोला पदक दिलं, दोन्ही बाजूंसाठी. तो ते गळ्यात घालूनच जेवायला बसला.

"काय रे, वारा कधी मोजलास तू?" आर्जाने विचारलं.

"मी सांगितलं त्यांना, उजवी हिची म्हणून."

"मग?"

"ते म्हणाले, किती विनयशील माणूस. आणि टाळ्या वाजवल्या. मी काय करू, उठून भांडू?"

"भांडायचं नाही, पण ते सूपमधून तरी बाहेर काढ."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः समितीपुढे जाऊन उभी राहिली. समितीत सात जण. तिघांकडे फालकेत्ता आहे, दोघांना ती चालवता येते, आणि एकाला तिच्यातून कुणी हात न देता बाहेर पडता येतं.

"सिन्योरा, कागद आहे का काही?" प्रोफेसरांनी विचारलं.

"हात आहेत."

"हात फायलीत लावता येत नाहीत."

"मग पत्रा आणा. ठोकून दाखवते."

समितीने ठराव केला, ठरावाला उपठराव जोडला, आणि पत्रा आणला. आर्जाने ओंडका मागितला, पिशवीत नवी वाळू भरून घेतली आणि तीन दिवस ठोकलं. सगळं गाव बघायला. डोळ्यावर तिचा भरवसा नव्हताच, तळवा फिरवून बघायची आणि म्हणायची, "इथे अजून भूक आहे." तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हातोडा खाली ठेवला. सातही जणांनी मोजलं. एकाने स्वित्झर्लंडहून आणलेल्या यंत्राने मोजलं. अकरा.

प्रोफेसरांनी पत्र्यावरून हात फिरवला.

"सिन्योरा," प्रोफेसर म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले होते, "फार सुंदर आहे हे."

"मग लिहा."

"तिथेच तर अडतंय. अस्सल बाजू वाऱ्याच्या हिशेबाने झाली, हे तीन पुस्तकांत सिद्ध झालंय. तुमची नुसत्या हाताने झालीय. म्हणजे ही नक्कल. आणि इतकी हुबेहूब, की समितीला काळजी वाटते."

ग्रंथ आला. चार किलो वजन. परिशिष्ट तीन, 'नकलाकारांपासून सावधान', त्यात पहिलंच नाव: 'मालागोली, आर्जा. उजव्या बाजूची सर्वांत धोकादायक नक्कल करणारी व्यक्ती. हिचं काम अस्सलापासून वेगळं ओळखता येत नाही.'

"बघ, माझ्यावर दोन ओळी आहेत," वास्को म्हणाला, "तुझ्यावर तीन."

आर्जाने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "शेवटची ओळ खरी आहे," ती म्हणाली, आणि ग्रंथ लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवून दिला.

समितीला हसलात ना? हसा. पण मोदेनाकडे गेलात तर फालकेत्ताच्या संग्रहालयात जालच. आधी वाऱ्याची पाटी वाचाल, मग गाडी बघाल, मग मान तिरकी करून बायकोला म्हणाल, "वारा जाणवतो हं." मंगळवारी तिकीट नसतं, म्हणून आर्जा तिथे बाकावर बसलेली असते. ती सांगेल, "ही बाजू मी ठोकली." तुम्ही कौतुकाने मान हलवाल, किती गोड म्हातारी म्हणाल, तिला गाडीच्या उजवीकडे उभी करून फोटोही काढाल. आणि हॉटेलवर गेल्यावर, गाडी नीट दिसावी म्हणून, म्हातारीला त्यातून कापून टाकाल.