कुंपणावरचे नऊ तुरे आणि दोन कुंड्या

फोरमनची कात्री थांबली ती बुलबुलामुळे, आळसामुळे नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चेअरमनने नेमका आळसच धरला.

फोरमनने छत्तीस वर्षं लेथवर काढली होती. निवृत्त झाल्यापासून तो सोसायटीची बाग फुकट सांभाळायचा. वसंतात कुंपण छाटायचं तेही दोरी ताणून, पाणसळ लावून. या कामाची दाद आजवर कुणी दिली नव्हती. फुकटच्या कामात खोट काढायला मात्र सगळे हजर असत, आणि त्यांच्यात पहिला चेअरमन, ज्याने जन्मात एका कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

फाटकापासून बारा फूट छाटून झाल्यावर कुंपणाच्या पुढच्या झुडपातून बुलबुल भुर्रकन उडाला. चोचीत गवताची काडी. फोरमनने डोकावून पाहिलं, तर आत घरटं. त्याने तेवढा भाग सोडून पुढचे चार फूट छाटले आणि कात्री थांबवली.

संध्याकाळी चेअरमन आला.

"हा तुरा कसला? आळस आला?"

"घरटं आहे आत."

"मला तीन फूट उंचीचं, सरळ कुंपण हवंय. रविवारपर्यंत. नाहीतर बागेच्या शेडची किल्ली परत द्या, ठेकेदार नेमतो."

"आणि पिल्लांचं काय?"

"ती काय मेंटेनन्स भरतात?"

ती किल्ली फोरमनच्या करगोट्याला असायची. अंघोळीलासुद्धा सुटत नसे. ती गेली तर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. त्या रात्री विचारला आणि त्याचं डोकं फिरलं.

सकाळी तो टेप घेऊन कुंपणापाशी उभा राहिला. एकच तुरा असला तर ती चूक. पण दर सहा फुटांवर तुरा असला तर ते डिझाइन. दुपारपर्यंत एकसारखे नऊ तुरे उभे राहिले. पंचाईत झाली ती फाटकाजवळच्या छाटलेल्या बारा फुटांची. तिथे तुरा आणायचा कुठून? शोधाशोध करता चेअरमनच्या दारातल्या दोन कुंड्या अगदी मापाच्या निघाल्या.

"अहो, त्यांच्या कुंड्या?" बायको म्हणाली.

"उंची बघ ना. केसाचा फरक नाही."

"तुमच्या डोक्यात फरक पडलाय."

चेअरमनने कुंड्या परत नेल्या. फोरमनने परत आणल्या. चेअरमनने नोटीस लावली. फोरमनने ती पाणसळ लावून सरळ केली. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, तुरे छान दिसतात. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, हा बंडाचा प्रकार आहे. फोरमनला दोन्ही आवडलं.

शनिवारी बायकोने स्टूल घेतलं आणि सरळ झुडपात हात घातला.

"अगं, घाबरेल तो."

"कोण घाबरेल? कोळिष्टकं आहेत आत. गेल्या वर्षीचं घरटं आहे हे. निम्मं उसवलंय."

"मी स्वतः पाहिलं. काडी घेऊन—"

"येताना की जाताना?"

फोरमनने आठवून पाहिलं. गेले चारही दिवस त्याने बुलबुलाला काडीसकट पाहिलं होतं, पण प्रत्येक वेळी जाताना. पक्षी इथे घर बांधत नव्हता, इथलं सामान हलवत होता. केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाने दिशाच पाहिली नव्हती.

"मग छाटणार का आता?" बायकोने विचारलं.

"छाटत नाही," फोरमन म्हणाला. "घरटं नसलं म्हणून चेअरमन खरा ठरत नाही."

रविवारी सकाळी चेअरमन आला. फोरमनने करगोट्यावर हात घट्ट धरला. चेअरमनचा सदरा घामाने चिंब होता आणि तो हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेत होता.

"जरा विचारायचं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या गॅलरीतल्या पंख्यावर बुलबुलाने घर केलंय. तीन अंडी आहेत. बायकोने बटणाला चिकटपट्टी लावली. म्हणते, हात लावलात तर बघा. ही पिल्लं उडायला किती दिवस लागतात?"

फोरमनने वर गॅलरीकडे पाहिलं. पंख्याच्या पात्यावर ओळखीचं गवत लोंबत होतं.

"महिना धरा."

"महिना?"

"घाई केली तर जास्त."

चेअरमनने कपाळ पुसलं. "आणि तुमच्या घरट्यातली?"

बायकोने खोकून फोरमनकडे पाहिलं.

"त्यांनाही तेवढेच," फोरमन म्हणाला. "तोवर तुरे राहतील. किल्ली राहील. आणि कुंड्यांना रोज पाणी घाला. बुलबुलांना ओलावा लागतो."

चेअरमन मुकाट्याने तांब्या आणायला गेला.