देवस्थळींच्या बंदुकीची अधिकृत लांबी

जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत लांबी अचूक मोजण्याचं काम करणारे डॉ. गुणवंत देवस्थळी यांनी आपल्या परवान्याच्या एअर रायफलला बिजागरी बसवली, कारण घरातल्या कुलपाच्या कपाटात ती मावत नव्हती. दस्ता दुमडला की मावत होती. वार्षिक तपासणीला ते बिनधास्त गेले. रविवारी नेमबाजीची स्पर्धा होती आणि चार वर्षं शेवटून दुसरा येणारा हा गृहस्थ यंदा सरावात चक्क पहिला येत होता.

परवाना कक्षातल्या कुमागाई-सानांनी टेप लावली. उघडी बंदूक नियमात बसली. दुमडलेली किमान लांबीपेक्षा आखूड भरली.

"देवस्थळी-सान, हिची खरी लांबी कोणती?"

"गोळी झाडताना असते ती! दुमडून कोण झाडतंय हो?"

"योग्य मुद्दा. पण नियमात झाडण्याचा उल्लेख नाही. तज्ज्ञांचं मत मागवू. तोवर बंदूक इथेच राहील."

तिसऱ्या दिवशी पत्र तज्ज्ञांच्या टेबलावर पोचलं. तज्ज्ञ म्हणजे खुद्द गुणवंत! यात स्वतःचा काही संबंध आहे का, असा रकानाच फॉर्मवर नव्हता.

"'उघडी मोजा' एवढं लिहा आणि मोकळे व्हा," त्यांची बायको सुचेता म्हणाली.

पण दोन शब्दांत उत्तर देईल तो शास्त्रज्ञ कसला! गुणवंतांना चेव चढला. बिजागरीचा कोन, खोलीचं तापमान, धरणाऱ्याच्या हाताची थरथर, सगळं धरून त्यांनी एक्केचाळीस पानं लिहिली. निष्कर्ष: एका वस्तूला एकच लांबी असते, ज्याअर्थी लांब्या दोन, त्याअर्थी वस्तू दोन. खाली झोकात सही ठोकली.

शनिवारी कुमागाई-सान अत्यंत आदराने म्हणाले, "अहवाल अप्रतिम. त्यानुसार तुमच्याकडे दोन बंदुका आहेत. परवाना एकीचाच. दुसरी जप्त."

"मग पहिली द्या ना! उद्या स्पर्धा आहे माझी!"

"ती दुसरीला जोडलेली आहे."

'अहो, हा शुद्ध मूर्खपणा आहे' हे वाक्य गुणवंतांच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर साहेब, मागे रांग आणि व्हिसा मार्चात संपणार. ते कमरेत वाकले. "आपलं बरोबर आहे," म्हणाले.

कुमागाई-सानांनी लगेच टेप काढून वाकलेल्या गुणवंतांनाच लावली. "एकशे चार सेंटिमीटर. परवान्यावर तुमची उंची एकशे बहात्तर आहे. कोणती लिहू?"

"ही लिहा," गुणवंत फरशीकडे बघत म्हणाले. "कामाच्या वेळेत हीच असते."

हसताय? खुशाल हसा. फक्त परवा साहेबाच्या केबिनमध्ये तुमची उंची किती भरली होती, ते घरी खरं सांगितलंत का?