एक नग, एक रुपया

काशीनाथ सावे यांच्या घरात चमचा जरी हलला तरी त्याची नोंद होते, असं तलासरीत लोक म्हणायचे. साफ खोटं! चमचा हलायच्या आधीच नोंद व्हायची.

माणूस सरकारी कचेरीत भांडार लिपिक. उभी हयात खुर्च्या, टेबलं, पंखे आणि फाटके नकाशे मोजण्यात गेलेली. दरवर्षी मार्च संपत आला की कचेरीतल्या सगळ्या वस्तू अंगणात ओळीने मांडायच्या, मोठ्याने नाव पुकारायचं, नग पुकारायचे, किंमत पुकारायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. पुकारल्याशिवाय खूण नाही, हा त्यांचा धर्मच होता. अशा माणसाची सत्त्याऐंशी साली तलासरीहून थेट नागपूरला बदली झाली! लोकांना वाटलं, आता सावे गडबडणार. कसले गडबडताहेत! हुकूम हातात पडला त्याच संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी वही विकत आणली.

पहिल्या पानावर अंदाजपत्रक. ट्रकभाडं, हमाली, सुतळी, महालक्ष्मीला नारळ एक, चारोटी नाक्यावर चहा तीन, नाशिकला जेवण... आणि शेवटी आकस्मिक खर्च, साडेसात रुपये. साडेआठशे किलोमीटरच्या प्रवासात जे काही आकस्मिक घडायचं ते साडेसात रुपयांच्या आतच घडेल, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. शेजारचे गुरुजी ती वही बघायला आले आणि देवळातून निघावं तसे हात जोडून परत गेले.

दुसऱ्या पानापासून सामानाची यादी. दोनशे एकतीस वस्तू! प्रत्येकीपुढे खरेदीचं साल आणि वापरून वापरून उतरलेली आजची किंमत. रस्त्यात काही फुटलं, हरवलं, तर भरपाई मागायला बरी.

त्यांच्या बायकोने, जयमालाबाईंनी, यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"अहो, हे काय? सागवानी कपाट, एक नग, एक रुपया?"

"घसारा, अगं. एकोणीस वर्षं झाली. पूर्ण घसारा झालेल्या वस्तूची किंमत एक रुपया धरायची. नियम आहे."

"माझ्या बाबांनी लग्नात दिलंय ते! वरोरहून बैलगाडीतून आलं होतं. चार माणसं घाम गाळत होती!"

"बाबांबद्दल मला आदर आहे. पण नियम आहे."

जयमालाबाईंनी वही मिटली. त्यांनी आवाज खाली आणला की काशीनाथरावांना धडकी भरायची. मग त्या हळूच म्हणाल्या, "हे बघा, ही चौथी बदली. पहिल्या बदलीत माझा वरवंटा गेला. दुसरीत आईची समई गेली. तिसरीत आपल्या लेकीचा पाळणा गेला. दर वेळी मी गप्प बसले. या वेळी एक जरी वस्तू कमी भरली ना, तर मी जिथे असेन तिथून परत फिरेन. नागपूर नाही आणि बिगपूर नाही! घ्या लिहून."

काशीनाथरावांनी खरंच लिहून घेतलं. अट क्रमांक एक. खाली लाल रेघ मारली आणि त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. कारण बाई शब्दाच्या पक्क्या होत्या, आणि आईची समई हरवली तेव्हा त्या आठ दिवस जेवल्या नव्हत्या, हे त्यांना आठवत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी देवजीभाईंचा ट्रक दारात आला. सामान चढवायला तुक्या आणि त्याची बायको बारकी. काशीनाथरावांनी ट्रकचा नकाशा काढून ठेवला होता, कुठली वस्तू कुठे ते दाखवणारा. तुक्याने नकाशाकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, तू बस. तुझा कागद पण बसू दे."

आणि दीड तासात त्या दोघांनी अख्खं घर ट्रकमध्ये बसवलं! पलंगाच्या पोटात पिंप, पिंपाच्या पोटात पातेली, पातेल्यांच्या पोटात वाट्या, वाट्यांत लेकीच्या बांगड्या. हात जाईल एवढी फट राहिली नाही. काशीनाथराव आ वासून बघत राहिले. कागद न बघता माणसाला एवढं जमतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

जयमालाबाई आणि दहा वर्षांची लेक पूर्वी पुढे देवजीभाईंच्या शेजारी बसल्या. काशीनाथराव मागे, सामानावर पहारा करत. त्यांच्या सोबतीला तुक्या आणि बारकी, कारण वाटेत विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली होती आणि ती दोघं तिथे उतरणार होती. देवजीभाईही नारळ फोडल्याशिवाय देवीपुढून गाडी काढणारे नव्हते. सगळं अंदाजपत्रकाप्रमाणे!

आणि बरोबर जत्रेच्या तोंडाशी खाली कडाड असा आवाज झाला.

देवजीभाई खाली वाकून आले. "स्प्रिंगचा पाटा तूटी गयो, साहेब. गाडी हलकी केल्याशिवाय जॅक नाय लागणार. सगळं खाली उतरवा."

"सगळं?"

"सगळं!"

जत्रेत एका बाजूला सुक्या बोंबलांच्या राशी, दुसऱ्या बाजूला बांबूच्या टोपल्या, मध्ये थोडी मोकळी जागा. तिथे सामान उतरलं. देवजीभाई मिस्त्री शोधायला गेले. जयमालाबाई पूर्वीला घेऊन दर्शनाला गेल्या. आणि काशीनाथरावांपुढे त्यांचा संसार चैत्राच्या उन्हात पसरला. ते बघतच राहिले. एवढं सगळं आपल्या दोन खोल्यांत होतं? एकोणीस वर्षं आपण एवढं सगळं जमवत होतो? त्यांचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की काशीनाथराव एकच गोष्ट करत. मोजणी!

त्यांनी तुक्याला हाताशी धरून सगळ्या वस्तू यादीप्रमाणे ओळीत मांडल्या. घडीच्या खुर्चीवर उभे राहिले. वही उघडली. आणि सवयीप्रमाणे कचेरीच्या अंगणातला आवाज लावला.

"पितळी पातेलं! दोन नग! चार रुपये!"

दोन बायका थांबल्या.

"रॉकेलचा स्टोव्ह! एक नग! तीन रुपये!"

बोंबीलवाली आपली रास सोडून आली.

"छत्री! एक नग! आठ आणे!"

बघता बघता शेसव्वाशे माणूस जमा झालं. आकाशपाळण्यात बसलेली माणसं वरून ओरडायला लागली की आम्हाला खाली उतरवा! अशी स्वस्ताई जत्रेत कुणी कधी पाहिलेली नव्हती. लोक अवाक् झाले होते. एक म्हातारबा तर हात जोडून उभे होते. काशीनाथरावांना वाटलं, लोक आपल्या नोंदी ठेवण्यावर भाळलेत. कचेरीत वीस वर्षांत एका माणसाने कौतुक केलं नव्हतं, इथे अख्खी जत्रा लोटली! त्यांचा आवाज आणखी चढला.

"सागवानी कपाट! एक नग! एक रुपया!"

गर्दीने कपाटाकडे माना वळवल्या. मग पुढून एक म्हातारी आली. काळी तिचं नाव. तिने कनवटीचा रुपया काढला, काशीनाथरावांच्या तळहातावर ठेवला आणि जाऊन कपाटाला पाठ लावून बसली.

"आजी, हे काय?"

"कपाट माझा."

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला! पण तोवर बांध फुटला होता. एकाच्या हातात स्टोव्ह, एकाच्या डोक्यावर घंगाळ, आणि छत्री तर कुणी उघडून डोक्यावर धरलीसुद्धा! "ठेवा! खाली ठेवा! विकायचं नाही!" काशीनाथराव ओरडत होते, पण तिथे ऐकतो कोण? अट क्रमांक एक त्यांच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. तुक्या आणि बारकी हात पसरून लोकांना अडवत होती.

तेवढ्यात जयमालाबाई प्रसादाचा नारळ घेऊन परतल्या. समोर एक मिशीवाला गडी त्यांचं पुरणयंत्र फिरवून बघत होता. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवऱ्याला खाली उतरवलं, स्वतः खुर्चीवर चढल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"भाव बदलले! पुरणयंत्र दोनशे! स्टोव्ह तीनशे! छत्री दीडशे, फाटकी आहे!"

पाच मिनिटांत सगळ्या वस्तू जागच्या जागी! छत्री तर घडी करून, बंद लावून परत आली. काशीनाथराव बायकोकडे असे बघत होते, जसं काही आजच लग्न झालंय.

राहिली काळी. ती हलेना.

"देवीच्या दारात पैसा घेतलास," ती काशीनाथरावांना म्हणाली, "आता फिरवशील?"

काशीनाथरावांनी तळहातावरच्या रुपयाकडे बघितलं. जयमालाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. "नाही फिरवणार, आजी. भाव तो भाव. कपाट तुझंच. पण आत्ताच्या आत्ता उचलून ने, आमची गाडी निघतेय."

काळीने जत्रेतल्या आपल्या दोन पुतण्यांना हाक मारली. त्यांनी जोर लावला. कपाट तसूभर हललं नाही. आणखी दोघं आले. तेही दमले. काळीने कपाटाकडे बघितलं, डोंगराकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं आणि बराच विचार करून म्हणाली, "मग असं कर बाय. कपाट माझा. पण तुझ्याकडं ठेव."

आणि काशीनाथरावांनी तिला तशी रीतसर पावती लिहून दिली!

एव्हाना पाटा बसला. तुक्या-बारकीने सकाळसारखंच कपाट वाशांवरून सरकवत वर चढवलं, घर पुन्हा ट्रकच्या पोटात बसवलं आणि मायलेकी पुढे जाऊन बसल्या. काशीनाथराव खाली उभे राहून पुकारत होते आणि खुणा करत होते. दोनशे एकोणतीस... दोनशे तीस... घडीची खुर्ची, दोनशे एकतीस! सगळं बरोबर! एक चमचा कमी नाही! आनंदाच्या भरात त्यांनी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडले, "ठीक!"

आता, फाळक्यावर दोन थापा म्हणजे गाडी निघाली, हे सगळ्या हायवेला ठाऊक आहे. नोंदवहीत मात्र ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ट्रक निघाला.

"अहो! थांबा! मी... मी राहिलो!"

धुरळा खाली बसला तेव्हा काशीनाथराव वही छातीशी धरून रस्त्यात उभे होते. तुक्या-बारकी कधीच गर्दीत मिसळली होती. हात सवयीने वहीकडे गेला. त्यांनी यादी पहिल्यापासून वाचली. पातेलं होतं, छत्री होती, केरसुणीसुद्धा होती. काशीनाथ सावे कुठेच नव्हते. दोनशे एकतीस वस्तूंत आपल्याला जागा नव्हती, आणि ती यादी आपणच केली होती! भर जत्रेत त्या माणसाला एवढं एकटं वाटलं की डोळे भरून आले.

काळी शेजारी येऊन बसली. तिने एक ताडगोळा सोलून त्यांच्या हातावर ठेवला. "इसरून गेली तुला?"

"हो," काशीनाथराव म्हणाले. "आणि आता तिला कळलं तरी नाशिकलाच कळणार."

पण नाशिकला कळलं नाही. अंदाजपत्रकाची कार्बन कॉपी जयमालाबाईंच्या पिशवीत होती, आणि त्यात लिहिलं होतं, चारोटी नाक्यावर चहा तीन. देवजीभाईंनी एक घेतला, बाईंनी एक घेतला, आणि तिसरा चहा निवायला लागला.

तासाभरात ट्रक उलटा फिरून विवळवेढ्याला हजर! जयमालाबाई खाली उतरल्या. चेहरा लाल. काशीनाथराव उठून उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"अगं, सामान बरोबर आहे ना? मी स्वतः मोजलंय. दोनशे एकतीस."

"अट काय होती?"

"एक जरी वस्तू कमी भरली तर..."

"एक कमी भरली," जयमालाबाई म्हणाल्या. "म्हणून परत फिरले."

 एवढ्या नोंदी केल्या जन्मभर, पण ही कुठल्या रकान्यात लिहायची ते काशीनाथरावांना सुचेना. त्यांनी वही उघडली आणि यादीच्या शेवटी लिहिलं. दोनशे बत्तीस. नवरा, एक नग. किमतीचा रकाना कोरा ठेवला आणि मोठ्या आशेने पेन्सिल बायकोपुढे धरली.

काळी हे सगळं टक लावून बघत होती. तिने कनवटीतून आणखी एक रुपया काढला.

"ह्यो केवढ्याला, बाय?"

जयमालाबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसलं.

"एकोणीस वर्षं वापरलाय, आजी. एक रुपया. नियम आहे."

काळीनेही त्यांना नीट बघितलं. एकदा पुढून, एकदा मागून. मग रुपया पुन्हा कनवटीला खोचला.

"राहू दे," ती म्हणाली. "कपाट बरा हाय."