कॉर्टेझ व्हिटलोचा वाढता हात

माणसाची लायकी मोजता येत नाही असं जे म्हणतात, त्यांच्याजवळ बहुधा टेप नसते. ओमाहा ड्रोव्हर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाजवळ बेचाळीस टेपा होत्या आणि त्यांतली एक गेली एकतीस वर्षं मर्ल डुबिकीच्या कोटाच्या खिशात होती.

मर्ल हा संघाचा पारखी. (छापील हुद्दा 'क्षेत्रीय मूल्यमापन प्रतिनिधी' असा होता. हुद्दा लांबला की पगार वाढवावा लागत नाही, हे ओमाहाला फार पूर्वी कळलं होतं.) वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून थोडे थोर. वर्षातले दोनशे दिवस गाडी चालवत कॉलेजांच्या मैदानांवर जायचं, लाकडी बाकांवर बसायचं आणि कोणतं पोर पुढे पोटापाण्यासाठी खेळू शकेल ते कार्यालयाला कळवायचं, हे त्याचं काम.

एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. सगळे संघ ओळीने बसतात आणि कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं एकेक करून उचलतात. मागच्या हंगामात जो जास्त हरला, त्याचा नंबर आधी. हरण्याची इतकी कदर करणारी व्यवस्था जगात दुसरी नसेल. ओमाहाला अकरा वर्षांत चार वेळा पहिला नंबर मिळाला होता आणि प्रत्येक वेळी त्यांचा आपल्या मूल्यमापन पद्धतीवरचा विश्वास वाढत गेला होता.

त्या वर्षी ओमाहाला लाइनबॅकर हवा होता. आघाडीच्या धिप्पाड गड्यांच्या मागे उभं राहायचं, बॉल कुठे निघालाय ते ओळखायचं आणि तो ज्याच्याकडे असेल त्याला आडवं करायचं, एवढंच लाइनबॅकरचं काम. ते कोणाला जमतं हे ठरवण्यासाठी ओमाहाच्या तक्त्यात दोनशे चौदा रकाने होते. मनगटाचा घेर होता, पंजाची रुंदी होती, झोपेचे तास होते, आईची उंची होती. 'माणूस आडवा करतो की नाही' असा एक रकाना पूर्वी असे. तो बघणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतो, म्हणून काढून टाकण्यात आला.

मर्लने एक पोरगा हेरला होता. कॉर्टेझ व्हिटलो, मिसिसिपीच्या एका छोट्या कॉलेजातला. मर्लने त्याचे नऊ सामने पाहिले. नऊ सामन्यांत त्याच्या हातून दोन माणसं सुटली, त्यांतला एक चिखलात घसरला म्हणून. बॉल फेकणाऱ्याने अजून मनात ठरवलेलं नसायचं आणि कॉर्टेझ तिथे जाऊन उभा असायचा, गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखा. मर्लने अहवालात एकच वाक्य लिहिलं : 'याला कळतं.' संगणकाने ते परत पाठवलं. कृपया एकक नमूद करावे.

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला मोठी चाचणी भरली. तिथे देशभरातली निवडक पोरं अर्ध्या चड्डीवर एकेक करून मंचावर येतात, वळतात, हात पसरतात, आणि समोर बसलेली तीनशे पोक्त माणसं गंभीर चेहऱ्याने लिहून घेतात. कॉर्टेझचा हात खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेतीस इंच भरला. ओमाहाची किमान मर्यादा होती साडेएकतीस. सभागृहात पेन्सिली थांबल्या.

त्यानंतर मुलाखत. पंधरा मिनिटांची, पण शास्त्रशुद्ध. संघाचे आकडेशास्त्र विभागप्रमुख डॉ. प्रेस्टन लिंडक्विस्ट यांनी प्रत्येकाला विचारलं, "तू प्राणी असतास, तर कोणता?" एकतीस लाइनबॅकरांपैकी चोवीस जण लांडगा निघाले, पाच सिंह आणि एक शार्क. (सर्वांना नेतृत्वगुणात पूर्ण गुण.)

कॉर्टेझने उलट विचारलं, "प्राणी कशाला, सर? प्राण्यांना खेळू देत नाहीत."

'कल्पनाशक्ती : नाही,' अशी नोंद घेण्यात आली.

याच चाचणीत ब्रेडन कुलहेन नावाचा पोरगा चमकला. हात चौतीस इंच, छाती तिजोरीसारखी, धावणं वाऱ्यासारखं. त्याच्यात दोष एकच होता, बॉल जिकडे जाई तिकडे तो जात नसे. पण चुकीच्या दिशेला त्याच्याइतक्या वेगाने पोहोचणारा माणूस देशात नव्हता, आणि वेग शिकवता येत नाही, दिशा शिकवता येते, असं डॉ. लिंडक्विस्ट यांचं मत पडलं. संघाचे सर्वेसर्वा ग्रँट हेव्हरली यांना ते पटलं. कुलहेन पहिल्या फेरीत नक्की झाला.

मर्लने कॉर्टेझसाठी हट्ट धरला, तेव्हा त्याला चारित्र्याची चौकशी करायला पिकेट्स बेंड या कॉर्टेझच्या गावी पाठवण्यात आलं. (हट्टी नोकराला लांब पाठवणं हीसुद्धा एक पद्धत आहे.) गावच्या न्हाव्याने सांगितलं, पोरगा दर दुसऱ्या शनिवारी येतो आणि न चुकता टीप ठेवतो. तक्त्यात त्यासाठी 'उधळेपणा' हाच रकाना होता. मर्लने तो मोकळा सोडला.

कॉर्टेझची आई अर्नेस्टीन शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करी. तिने मर्लला आधी जेवायला बसवलं. तळलेला कॅटफिश, पाला घालून शिजवलेली भाजी, मक्याचा ब्रेड.

"आता विचारा, मिस्टर मर्ल. उपाशी माणसाचे प्रश्न वाकडे असतात."

मर्लने कागद काढला. "झोपेत बोलतो का तो?"

"तुम्ही त्याला खेळायला नेताय की नांदवायला?"

मर्लने पान उलटलं.

"तुम्ही त्याचे नऊ सामने बघितलेत ना?" अर्नेस्टीन म्हणाली. "मग त्याला येतं की नाही?"

"येतं, बाई. माझ्या एकतीस वर्षांत असा पाहिला नाही."

"मग अडलंय कुठे?"

"हात," मर्ल म्हणाला. "एक इंच कमी पडतोय."

अर्नेस्टीनने कढई पुढे ओढली. "हात बापावर गेलाय. बाप चर्चमागे पुरलाय. तक्रार तिकडे नेऊन द्या." मग तिने त्याच्या पानात अजून एक मासा वाढला. "आणि तुमचा हो? तुमचा हात केवढा?"

मर्लने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने चार हजारांवर हात मोजले होते, स्वतःचा कधी मोजला नव्हता.

मार्चमध्ये कॉर्टेझच्या कॉलेजच्या व्यायामशाळेत फेरमोजणी झाली. ओमाहातर्फे मर्ल एकटाच होता. त्याने कॉर्टेझला भिंतीशी उभं केलं आणि टेपेचं टोक खांद्याच्या हाडावर, म्हणजे जरा वर, म्हणजे जवळजवळ मानेशी धरलं.

"सर, इंडियानापोलिसला टेप खाली धरली होती," कॉर्टेझ म्हणाला.

"गप उभा राहा. श्वास घे."

"श्वासाने हात वाढतो?"

"वाढतो. माझे केस त्यातच पांढरे झाले."

साडेएकतीस भरला. मर्लने आकडा लिहिला तेव्हा त्याचे कान शाळेत कॉपी करणाऱ्या पोरासारखे तापले होते. त्याने नोकरीतलं पहिलं खोटं लिहिलं होतं आणि त्याच्या मते कॉर्टेझबद्दलच्या कागदांत तेवढंच एक खरं होतं.

त्याचा अंदाज असा, की पहिलं माप चुकलं असेल असं म्हणून मंडळी पुढे सरकतील. पण माप चुकतं हे एकदा मान्य केलं, तर दोनशे चौदा रकान्यांचं करायचं काय? तेव्हा संघाच्या निवड समितीसमोर एकच तर्कशुद्ध निष्कर्ष उरला. हात वाढला होता.

"सदतीस दिवसांत एक इंच," डॉ. लिंडक्विस्ट म्हणाले. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. याच गतीने चार वर्षांचा करार संपेपर्यंत व्हिटलोचा हात एकाहत्तर इंच होणार होता, म्हणजे त्याच्या उंचीला फक्त एक इंच कमी. (डॉक्टर सावध गृहस्थ. वाढ निम्म्यावर येईल असं धरूनही त्यांनी एक्कावन्न इंचांची हमी दिली.) दोन्ही हात पसरले की मैदानाची एक बाजू बंदच. एका सभासदाने बाह्या कोण शिवणार असं विचारलं. त्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

"मर्ल, तू स्वतः मोजलंस?" हेव्हरली यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

मर्लने टेप खिशात सारली. त्याला पोरगा संघात हवा होता. तो येत होता.

पण आला नाही. ही बातमी अत्यंत गुप्त ठेवण्यात आली होती, त्यामुळे ड्राफ्टपर्यंत ती एकोणीस संघांना कळली. ओमाहाने पहिल्या फेरीत ठरल्याप्रमाणे कुलहेनला उचललं आणि व्हिटलोला दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलं. सव्हानाच्या संघाने तितकी वाट पाहिली नाही. हेव्हरली यांनी हातातलं सँडविच भिंतीवर मारलं. मर्लने मात्र संडासात जाऊन, कोणी नाही असं बघून, स्वतःशीच टाळी वाजवली. पोराचं भलं झालं होतं.

सप्टेंबरमध्ये अर्नेस्टीनचा फोन आला.

"मिस्टर मर्ल, माझ्या पोराला टांगून ठेवतात हो!"

सव्हानाने दर आठवड्याला हात मोजला आणि दर आठवड्याला तो साडेतीसच भरला. वाढ अडली आहे असं निदान झालं. उपाय म्हणून कॉर्टेझला रोज सकाळी दोन तास लोखंडी दांड्याला लोंबकळत ठेवत होते आणि वर लिटरभर दूध पाजत होते. सराव करायला त्याच्या खांद्यांत जीवच उरत नव्हता.

"तो बिचारा काही बोलत नाही. म्हणतो, आई, मोठ्या संघात असंच करत असतील. पण तुम्ही मोजलं होतंत ना? तुम्ही सांगा काहीतरी."

मर्ल दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो हेव्हरली यांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि हे तो मनातल्या मनात वारंवार म्हणत होता, देवाचं नाव घ्यावं तसं.

"साहेब, व्हिटलोचा हात वाढला नव्हता. मी खोटं लिहिलं. तो साडेतीसच होता आणि साडेतीसच आहे."

हेव्हरली खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"म्हणजे आक्रसला," ते म्हणाले.

"नाही, साहेब, मी टेप मानेपाशी..."

"मार्चमध्ये साडेएकतीस. तूच लिहिलंय, सहीनिशी. आज साडेतीस. आक्रसला! आणि आपण त्याला घेतला नाही!" त्यांनी उठून मर्लला मिठी मारली. "तुझ्यासारखी चार माणसं असती, तर आपण एवढे हरलो नसतो."

ही बातमीही अत्यंत गुप्त ठेवण्यात आली. चार दिवसांत ती सव्हानाला पोहोचली. त्यांनी हिशेब मांडला : सहा महिन्यांत एक इंच गेला, म्हणजे हातात फार काळ नाही. तेव्हा हात शिल्लक आहे तोवर वापरून घ्यावा, असा ठराव झाला. दांडा काढला, दूध बंद झालं आणि कॉर्टेझला प्रत्येक सामन्यात पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात ठेवण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये ओमाहाविरुद्ध त्याने एकट्याने चौदा माणसं आडवी केली. त्याच सामन्यात कुलहेनने बॉल नुकताच जिथून गेला होता त्या जागी पोहोचण्याचा विक्रम केला.

मर्लला बढती मिळाली. ओमाहात 'अवयव वृद्धी व संकोच विभाग' स्थापन झाला आणि त्याचा प्रमुख म्हणून एकमताने त्याची निवड झाली. हाताखाली सहा माणसं, बसायला फिरती खुर्ची. त्याने नाही म्हणायचं ठरवलं होतं. मग बायकोने विम्याचे कागद समोर ठेवले आणि तो हो म्हणाला. आता तो रोज वीस वर्षांच्या पोरांचे हात सकाळ-संध्याकाळ मोजतो आणि फरकाची नोंद करतो. फरक निघतो. दोन वेळा मोजलं की निघतोच.

रविवारी मात्र तो घरी सव्हानाचा सामना लावतो, कागद-पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि नुसता बघतो. कॉर्टेझ आधीच जाऊन उभा असतो. मर्ल बायकोला हाक मारतो, "बघ, बघ, याला कळतं." ती तोवर उठून गेलेली असते.

ओमाहाच्या या मंडळींना वाचक हसले असतील, आणि हसावंच. निम्म्यांनी तर हसता हसता स्वतःचा हात लांब करून एकदा नजरेने मापलाही असेल. उरलेल्या निम्म्यांना तेवढी सवड नाही. येत्या रविवारी त्यांना कोणाच्या तरी घरी पोहे खायला जायचं आहे आणि डिग्री, नोकरी, स्वभाव सगळं पसंत असलेल्या एका मुलीला म्हणायचं आहे, "जरा चालून दाखव गं, बाळ."