लाल पेन आणि टॉमची छत्री

जेवणानंतरची भांडी विसळून गेंग आजी हात पुसते न पुसते तोच फोन टिंग करून वाजला. न बघताच तिला कळलं की ही शावबाईच असणार. वर्गाच्या ग्रुपवर फोटो आला होता. रानरानच्या इंग्रजी सरावाच्या वहीचं पान, दहा प्रश्न, दहा लाल खुणा बरोबरच्या, आणि खाली शावबाईची ऐसपैस सही. फोटोखाली मेंग मॅडमनी लाल फूल टाकलं होतं.

"घ्या, आलं फूल," आजी म्हणाली. "त्या बाईच्या घरात झाडच लागलंय."

"रोज कशाला बघतेस मग?" मानमान टेबलावर वही पसरत म्हणाली.

"मी बघत नाही. दिसतं."

मानमान आजीची नात, नववीत. रानरान समोरच्या दारातली शावबाईची नात, त्याच वर्गात, त्याच बाकावर. दोघींचे आईबाप दूर शेनझेनला कारखान्यात, त्यामुळे पोरींचा अभ्यास आज्यांच्या गळ्यात. आणि या दोन आज्यांचं वैर काही नातींपासूनचं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी दोघी या गावच्या कापूसगिरणीत एका खात्यात होत्या. गेंग आजी धागा तपासायची. तिच्या नजरेतून गाठ सुटली असं कधी झालं नाही. तरी आदर्श कामगार म्हणून छातीवर कागदाचं लाल फूल लागलं ते शावबाईला, कारण शावबाई मुकादमाला बघून हसायची. गेंग आजीला हसता येत नव्हतं असं नाही, पण फुकट हसणं तिला पसंत नव्हतं. गिरणी बंद पडली, गिरणीच्या घरांत दोघी समोरासमोर राहिल्या, आणि ते फूल आजीच्या पोटात चाळीस वर्षं तसंच राहिलं. आता तेच फूल रोज फोनवर उगवत होतं.

मेंग मॅडमची पद्धत कडक. सत्र सुरू झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वहीच्या शेवटची उत्तरांची पानं फाडायला लावली आणि घरच्या मोठ्या माणसाच्या ताब्यात द्यायला सांगितली. पोरांनी रोज दोन उतारे वाचायचे, दहा प्रश्न सोडवायचे. घरच्यांनी लाल पेनाने तपासायचं, सही करायची, फोटो टाकायचा. दहापैकी दहा असतील त्याला फूल. पन्नास पोरांचे फोटो रोज कोण वाचणार? मॅडम फक्त लाल खुणा मोजायच्या.

गेंग आजी शाळेत गेली तीन वर्षं, त्यातलं एक गुरं राखण्यात गेलं. इंग्रजी तर तिने औषधाच्या बाटलीवरच पाहिलेलं. पण उत्तरं म्हणजे चारच अक्षरं, ए ते डी, आणि आजीने त्यांना नावं ठेवून टाकली होती. पहिलं शिडी, दुसरं दोन पोटांचं, तिसरं घास घेतलेली भाकरी, चौथं पोट सुटलेला म्हातारा. नातीच्या वहीत शिडी आणि पानावर शिडी, की बरोबर. धागा तपासणाऱ्या बाईला यात काय अवघड? मानमानला आठ मिळायचे, कधी नऊ. आजी एकही खूण जास्त देत नसे.

ती चार पानं मात्र तिने जिवापाड जपली. मानमानच्या हाती लागू नयेत म्हणून ती दर दोन दिवसांनी जागा बदलायची. कधी तांदळाच्या डब्याखाली, कधी आरशामागे, कधी शिवणाच्या गाठोड्यात, कधी वाळलेल्या मिरच्यांच्या माळेमागे. आणि आठवडाभराची सुट्टी संपली त्या संध्याकाळी पानं कुठेच नव्हती. आजीने डबा उपसला, आरसा उतरवला, मिरच्या शिंकत शिंकत झटकल्या. गाठोडं तर दोनदा झटकलं. ते मागच्याच आठवड्यात शावबाईने जोड्यातल्या तळव्यांच्या नमुन्यांसाठी नेलं होतं आणि दोन दिवसांनी परत दिलं होतं. रिकामं परत देऊ नये म्हणून वर आजीसाठी आपल्या तरुणपणच्या भरतकामाचे दोन तळवेही ठेवले होते, जोड्यात घालायचे. त्यावर प्लमची फुलं इतकी नेटकी काढलेली की आजीला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. नमुने सगळे जागेवर होते. उत्तरं नव्हती.

"मॅडमना मागू या ना ग्रुपवर," मानमान म्हणाली.

"म्हणजे पन्नास घरांना कळेल, गेंग बाईने पानं हरवली."

"मग शाव आजीकडून..."

"जीभ झडेल माझी."

आजी चहाचा पेला घेऊन बसली, आणि तेवढ्यात फोन टिंग करून वाजला. रानरानचं पान, दहा लाल खुणा, फूल. आजीने भिंग काढलं. फोटो बोटांनी मोठा केला. दहापैकी दहा. म्हणजे ज्याच्या शेजारी खूण ते बरोबरच, नाही का? मॅडमनी फूल दिलंय. मग हीच उत्तरं. शावबाईच्या नाकासमोरून, तिच्याच ताटातून, तिला न कळता. आजीला बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

"आण वही," ती म्हणाली.

मानमानची सात उत्तरं चुकली. आजीने लाल पेनाने सात फुल्या मारल्या आणि शेजारी रानरानची अक्षरं काढली, मोठी आणि ठसठशीत.

"आजी, हे चूक आहे. माझं बरोबर आहे."

"रानरानला फूल मिळालंय."

"म्हणून काय झालं? हा टॉम बघ. त्याची छत्री हरवते. तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन ओरडतो, तूच चोरलीस म्हणून. शेजारीण म्हणते, तुझ्या हातावर काय लोंबकळतंय? छत्री त्याच्याच हातावर असते. मग विचारलंय, शेवटी टॉमला काय वाटलं? रानरान म्हणते राग आला. मी म्हणते लाज वाटली."

"लाज वाटली असं लिहिलंय?"

"नाही, तसं नाही लिहिलेलं."

"मग कशावरून? कुठे लिहिलंय दाखव. बोट ठेव."

मानमानने बोट ठेवलं. "इथे. टॉम काही बोलला नाही. तो आपल्या जोड्यांकडे बघत राहिला."

आजी थांबली. रागावलेला माणूस समोरच्याकडे बघतो, हे तिला सासूने, सुनेने आणि मुकादमाने आपापल्या परीने शिकवलं होतं. जोड्यांकडे बघतो तो दुसराच.

"हं," ती म्हणाली. "पण फूल तिला मिळालंय." आणि लाल अक्षर तसंच राहिलं. मानमानने चिडून त्याखाली निळ्या शाईने आपलं उत्तर पुन्हा लिहिलं आणि उताऱ्यातल्या ओळीला जाडजूड रेघ मारली.

मग हे रोजचंच झालं. शावबाईचा फोटो येईपर्यंत आजी फोन मांडीवर घेऊन बसायची, आणि एखाद्या दिवशी उशीर झाला की शावबाईच्याच दारावर काठी आपटून यायची. "फोटो टाकला नाहीस आज? पोरगी आजारी आहे का?" शावबाईला वाटायचं हिला काळजी. मग लाल पेन, मग भांडण. "कुठे लिहिलंय?" "इथे." "हे काय आहे?" "आजी, तो कुत्रा आहे." "कुत्रा म्हणतोय असं?" "कुत्रा बोलत नाही, मालक म्हणतोय." एकेका उताऱ्याला अर्धा तास. मानमानला प्रत्येक वाक्य चिनीत फोडून सांगावं लागे आणि आजी वकिलासारखी उलटतपासणी घेई. कधी कधी आजीला मनातून पोरीचं पटायचं, आणि मग ती आणखी जोरात भांडायची. फूल मात्र रोज समोरच्या दारातच पडत होतं. मानमानला दहापैकी तीन, चार. आजी खरं तर दहा खुणा मारून मोकळी झाली असती, पण सदोष धाग्यावर चांगल्याचा शिक्का तिने तीस वर्षांत मारला नव्हता.

"पोरगी मागे पडली का गं ताई?" शावबाई एकदा जिन्यात म्हणाली. "रानरानला पाठवू का शिकवायला?"

"पाठव की," आजी म्हणाली. "पण आधी स्वतः चार जिने चढून बघ. दम लागतोय तुला."

मासिक परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मानमान दारातूनच गुणपत्रिका हलवत आली. उताऱ्यांना चाळीसपैकी चाळीस. वर्गात एकटीच.

"आणि रानरान?"

"बावीस."

आजी खुर्चीत ऐसपैस बसली. असं सुख तिने घास घास चावून खाल्लं असतं. पण पहिल्याच घासाला तिच्या डोक्यात आलं की रानरानला बावीस म्हणजे रानरानची उत्तरं चूक, आणि रानरानची उत्तरं म्हणजे आपली लाल अक्षरं. वहीची महिनाभराची पानं, तिच्या हाताची, तिच्या सहीची. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मेंग मॅडम होत्या.

"गेंग आजी, शनिवारच्या पालकसभेत तुम्ही व्यासपीठावर बोलायचं. घरी अभ्यास कसा घेता ते सगळ्यांना सांगा. आणि मानमानची वही बरोबर आणा, मी पडद्यावर दाखवते."

"वही कशाला, मॅडम? पोरगी आहे ना."

"नाही नाही, वही पाहिजेच."

चाळीस वर्षं वाट पाहिलेली जागा, आणि जायचं ते चुकांचं गाठोडं घेऊन. आजीने वही चुलीत घालायचा विचार केला, पण घरात गॅस होता. शेवटी तिने केस रंगवले, चांगला कोट काढला, आणि जोड्यात शावबाईचे भरतकामाचे तळवे घातले. घालायचे नव्हते तिला, पण जुने झिजले होते आणि व्यासपीठावर पाय थंड पडले तर आवाज कापतो. चालताना तळवे करकर वाजत होते. "बाईची फुलंसुद्धा गप्प बसत नाहीत," ती मानमानला म्हणाली.

सभेत पन्नास पालक. शावबाई पहिल्या रांगेत, पोरीला बावीस मिळाले तरी पहिल्याच रांगेत. मॅडमनी वहीचं पान पडद्यावर टाकलं. भिंतभर टॉम, भिंतभर लाल अक्षरं. आजीने डोळे मिटले.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "आजींनी बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या आहेत आणि शेजारी चुकीची उत्तरं लिहिली आहेत. रोज. मी आधी नीट पाहिलं नाही, माझी चूक. मुलीने प्रत्येक वेळी पुरावा शोधून त्यांना खोटं पाडलंय. वीस वर्षं शिकवतेय मी, पण मला हे सुचलं नव्हतं. मुद्दाम चुकीचं सांगायचं आणि पोरांना लढायला लावायचं."

सभागृहात कुजबुज झाली, मग टाळ्या. आजीने एक डोळा उघडला, मग दुसरा. मग ती माइकपाशी ताठ उभी राहिली.

"मी अडाणी बाई," ती म्हणाली. "मला एवढंच येतं. कुठे लिहिलंय ते विचारायचं, आणि बोट ठेवल्याशिवाय सोडायचं नाही."

पहिल्या रांगेत शावबाईने डोळे किलकिले केले होते. ती पडद्यावरची लाल अक्षरं ओठ हलवत वाचत होती, एकेक करून. मग ती सावकाश उठली.

"ताई, एक विचारू? बरोबर उत्तर पानावर मिळतं. इतकी छान चुकीची उत्तरं रोज कुठून आणत होतात?"

आजीला कळलं की शावबाईला कळलंय. आणि शावबाईलाही कळलं होतं की पुढे एक शब्द बोललं तर रानरानच्या दहा-दहा लाल खुणांचा हिशोब तिलाच द्यावा लागेल.

"शेजार चांगला असला," आजी गोड आवाजात म्हणाली, "की घरात काही कमी पडत नाही, शावबाई."

शावबाई हसली, मुकादमाला बघून हसायची तशीच, आणि खाली बसली. मॅडमनी आजीच्या कोटावर कागदाचं लाल फूल लावलं.

परतताना जिन्यात दोघींची गाठ पडलीच. दुसऱ्या मजल्यावर शावबाई कठड्याला धरून थांबली. आजीही थांबली, दम लागला नसताना.

"दहाच्या दहा खुणा कशाला मारायचीस गं?" आजीने विचारलं. "पानं नव्हती का तुझ्याकडे?"

"होती. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. पहिल्या रांगेतून भिंतभर असेल तर दिसतं, छापलेलं कुठलं दिसायला. रानरान आपली अक्षरं मोठ्याने म्हणते ती पाठ होतात, पानावर मात्र सगळं धुकं. सही अंदाजानेच करते. आणि चुकीची फुली मारली तर लोक बघतात. तू बघतेस."

आजीने तिचा दंड धरून तिला एक पायरी वर चढवलं.

"आजपासून रानरानला वही घेऊन माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "मी विचारीन कुठे लिहिलंय. तुझी पानंही दे. माझी हरवली."

"बरं," शावबाई म्हणाली. मग आजीच्या पायांकडे कान देऊन, "करकर करतात का गं तळवे? आत कागद जरा जाडच पडला. तुझ्याच गाठोड्यात नमुन्यांच्या मध्ये चार पानं सापडली, चांगली कडक. म्हटलं तळव्यांना ताठपणा येईल. रद्दीतली वाटली."

घरी आल्यावर आजी दाराशीच स्टुलावर बसली. एक जोडा काढला, तळवा बाहेर ओढला, कात्रीने कडेचे टाके उसवले. प्लमच्या फुलांखाली, खळीत चिकटलेल्या, ओळीने उभ्या होत्या शिड्या, भाकऱ्या, पोट सुटलेले म्हातारे. महिनाभर शेजारणीच्या फोटोला भिंग लावून जे शोधलं ते पायाखाली घालून ती व्यासपीठावर उभी राहिली होती.

मानमान बाहेर आली. आजी स्टुलावर, छातीवर लाल फूल, हातात कात्री, नजर जोड्यावर.

"आजी, काय झालं? अशी का बसलीस?"

"काही नाही. राग आलाय मला. त्या शावबाईचा."

मानमानने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या जोड्याकडे.

"कुठे लिहिलंय?" ती म्हणाली.