धर्मराजशेठच्या ब्लॉगचं चूलबंद आमंत्रण

"मला फक्त एक लेखक द्या," चंद्रशेखर गमरे छाती पुढे काढून सांगायचे, "ज्याला मोबाईलचा टॉर्चसुद्धा बंद करता येत नाही असा. महिन्याभरात जग त्याला वाचायला लागलं नाही, तर मिशी उतरवीन!"

मिशी त्यांना नव्हतीच. ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, संघमित्रानं, चारचौघांत पुष्कळदा सांगून झाली होती. पण चंद्रशेखरराव हटणारे नव्हते. गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, सकाळी चालायला जातात. यांनी जुईनगरला सोसायटीच्या हॉलात दर शनिवारी लेखकांचा वर्ग सुरू केला. पदरचे पैसे घालून पुस्तक छापायचं आणि मग गठ्ठे पलंगाखाली ढकलायचे, अशी सगळी मंडळी तिथं यायची. त्यांना ब्लॉग काढून द्यायचा, फोटो टाकायला शिकवायचं आणि पुस्तक लोकांपर्यंत पोचवायचं, हे चंद्रशेखररावांनी घेतलेलं व्रत. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या पलंगाखालीसुद्धा त्यांचा एक कवितासंग्रह गाढ झोपलेला होता, पण तो विषय वर्गात निघत नसे.

वर्गात ते पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारायचे, "तुम्हाला किती वाचक हवेत?" कुणी हजार म्हणायचा, कुणी अमेरिकेतले म्हणायचा. सानपाड्याच्या जुन्या गावातले धर्मराज मढवी उठले आणि म्हणाले, "मना एकच पायजे."

धर्मराजशेठना 'शेठ' म्हणायचं कारण गावातली त्यांची चार मजली बिल्डिंग. पण त्यांचं लहानपण गेलं मिठागरात. आता जिथं सेक्टर आहेत, बागा आहेत, कुत्री फिरवणारी माणसं आहेत, तिथं तेव्हा खाडीचं पाणी अडवलेलं असायचं आणि उन्हात मिठाच्या पांढऱ्या राशी दिसायच्या. त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, 'आमच्या आगरातलं मीठ'. सगळे गठ्ठे नातवाच्या खोलीत रचलेले. नातू त्यांच्यावर चढून पंख्याला हात लावायला बघायचा, म्हणून सूनबाई निशिगंधा रोज कावलेली.

"एकच वाचक? कोण?" चंद्रशेखररावांनी विचारलं.

"माझी मोठी बहीन. पुतला. कलंबोलीला दिलीय. ती शिकलेली नाय, पन तिची नात फोनवरचं सगलं तिला वाचून दाखवते. पुस्तकात निम्मी तीच हाय, सर. ब्लॉगवर टाकलं तर तिच्यापरत पोचंल ना?"

"अहो, मग पुस्तकच नेऊन द्या की."

धर्मराजशेठ खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विपुलचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं लग्न घाईत ठरलं, पत्रिका सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. आणि त्याच झपाट्यात सख्ख्या बहिणीलाही गेली! आगरी घरात बहिणीला बोलवायचं म्हणजे भावानं नारळ घेऊन तिच्या उंबऱ्यावर जायचं. पुतळाबाईंनी पत्रिका फोनवर पाहिली आणि भाच्याच्या हळदीला आल्या नाहीत, लग्नाला आल्या नाहीत. विपुलचा पोरगा धावायला लागला तरी त्यांनी भावाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?" धर्मराजशेठ म्हणाले. "तिनं दार लावून घेतलं तर मी मरंन."

चंद्रशेखरराव गलबलले. पण गलबलले की ते जास्त बोलतात. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक घर काढलं. "शेठ, टेन्शन नका घेऊ. ब्लॉग म्हणजे आपलं घर! लोक काय करतात, नुसती लिंक फेकतात. कोण येणार? माणसाला दारावर जाऊन बोलावल्यासारखं बोलवा. नाव घेऊन, दिवस सांगून, वेळ सांगून. पुढच्या रविवारी अकरा वाजता आपण ब्लॉग उघडू. तोपर्यंत बोलवत राहा."

धर्मराजशेठनी मान डोलावली. इतकी डोलावली, की चंद्रशेखररावांना शंका यायला हवी होती.

पुढच्या शनिवारी शेठ वर्गाला आले नाहीत; संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, मटन किती धरू?"

"कशासाठी?"

"ब्लॉगसाठी."

चंद्रशेखररावांनी फोन स्पीकरवर टाकला. एकट्यानं ऐकण्याजोगं हे नव्हतं. संघमित्रा लसूण सोलत होती, ती थांबली.

"तुमीच सांगितलं ना, दारावर जाऊन बोलवा," धर्मराजशेठ म्हणाले. "मी आठवडाभर तेच करतोय. नारल घेऊन घरटी गेलो. उद्या अकराला आमचा ब्लॉग उघडतोय, यायचं, असं सांगितलं. पयल्याच घरी बायजाबाई म्हनाली, चूलबंद काय?"

आता चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. पोराबाळांसकट, पाहुण्यांसकट जेवायला यायचं. दारात नारळ घेऊन उभा राहिलेला यजमान 'नाही हो, नुसतं मोबाईलवर बघा' असं कसं म्हणणार? त्याला गावात पुन्हा तोंड दाखवायचं आहे!

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चूलबंद म्हनालो. मंग एका घराला चूलबंद आणि दुसऱ्याला नाय, असं करता येतं काय?"

"आणि कळंबोलीला गेलात?" हे संघमित्रानं विचारलं.

"गेलो, वहिनी. सगल्यात शेवटी गेलो, धीरच होत नव्हता. तिनं दार उघडलं, नारल घेतला. बोलली काय नाय. मी रिक्षात बसंपरत दारात उभी होती."

फोन ठेवल्यावर संघमित्रा म्हणाली, "तुमचे आजवरचे सगळे ब्लॉग एका बाजूला आणि हा एका बाजूला. उद्या मी येणार."

रविवारी दोघं सानपाड्याला उतरली. गल्लीच्या तोंडाशीच फ्लेक्स लागला होता: 'ब्लॉगचा भव्य शुभारंभ'. मध्ये धर्मराजशेठ, भोवती गॉगलवाले शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून खुद्द चंद्रशेखरराव! फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला होता. शेजारच्या संघमित्राला कापून काढलं होतं, फक्त खांद्यावरचा तिचा हात तेवढा राहिला होता.

"हात ओळखीचा वाटतोय," संघमित्रा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

आत मांडव. बेंजो पार्टी जोरात. मागच्या बाजूला बायका रांगेनं बसून तांदळाच्या भाकऱ्या थापतायत, मटणाच्या टोपाखाली जाळ धडधडतोय. लोक आहेर घेऊन आले होते. स्टीलचे डबे, भिंतीवरचं घड्याळ, कुणी दुरून आलेल्यानं तर बाळाचं झबलं आणलं होतं, कारण त्याला नेमकं काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारणं बरं दिसलं नसतं. गावात लग्नाचे धवले म्हणणाऱ्या बायजाबाई पदर सावरून पुढे आल्या. "सर, मी गानार. पन नाव कुनाचं घेऊ? नवरा नाय, नवरी नाय."

चंद्रशेखररावांनी घाबऱ्या घाबऱ्या ब्लॉगचा पत्ता सांगितला. बाईंनी तो डॉट कॉमसकट धवल्यात बसवला. चाल अशी काही लागली, की दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला.

पाटावर लॅपटॉप ठेवला होता, चंद्रशेखररावांचाच. त्याला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूचा हार. चंद्रशेखररावांच्या घरी अशी पूजा-बिजा नव्हती, पण पाहुण्यानं यजमानाच्या घरात नाक खुपसायचं नाही, म्हणून ते गप्प राहिले. तेवढ्यात गावातले सगळ्यात वयस्कर नामा आजा काठी टेकत आले, हातात नारळ.

"आजोबा, जरा लांब," चंद्रशेखरराव म्हणाले.

"लांब कसा? ज्याचा मुहूर्त, त्याच्या पुढ्यात फोडाला पायजे."

आजोबांचं वय झालं होतं, पण मनगट मिठागरातलं होतं. एका फटक्यात नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी सरळ लॅपटॉपमध्ये गेलं. पडद्यावर एक निळी रेघ आली, बारीक आवाज झाला आणि लॅपटॉपनं राम म्हटला. मांडवात टाळ्या झाल्या, कारण सगळ्यांना वाटलं, उघडला!

चंद्रशेखररावांनी घाईनं खिशात हात घातला. मोबाईलवर उघडावं, तर एवढ्या गर्दीत नेटवर्क रुसलेलं, नुसतं चक्र फिरतंय. लोक सतरंजीवर बसले होते, माना वर करून. ब्लॉग बघायला आलो, ब्लॉग कुठाय, असं तोंडानं कुणी म्हणत नव्हतं, पण जेवणाआधी काहीतरी व्हायला हवं होतं. धर्मराजशेठचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पुन्हा पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. अकरा वाजून गेले होते आणि कळंबोलीचं कुणी आलेलं नव्हतं.

"त्या बलॉकात हाय तरी काय?" नामा आजांनी विचारलं.

"माझं पुस्तक, आजा."

"मंग तोंडानं वाच ना. मशिन कशाला पायजे?"

निशिगंधा आतून पुस्तक घेऊन आली. धर्मराजशेठनी चष्मा लावला आणि पहिलं पान काढलं. सुरुवातीला बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग खाडीचा वारा आला, पहाटेची थंडी आली, पायांच्या भेगांत मीठ जाऊन होणारी आग आली. भाकऱ्या थापणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी पुढे येऊन उभ्या राहिल्या. पुस्तकात मुकादमाचं नाव आलं तसा एक म्हातारा मागून म्हणाला, "त्याची छत्री आठवते काय?" आणि दुसरा म्हणाला, "छत्री नव्हं, टोपी." मग वाचन एकीकडे आणि आठवणी दुसरीकडे अशा दोन गाड्या सुटल्या. कुणाच्या बापानं बांध घातला, कुणाची आई राशीवर बाळंत झाली, भरतीला कुणाची होडी वाहून गेली. तरणी पोरं मोबाईल खिशात घालून ऐकत बसली. आपण ज्या पार्किंगात गाड्या लावतो तिथं आजी मीठ ओढायची, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चंद्रशेखररावांना गोदीतले त्यांचे वडील आठवले, आणि त्यांच्या आठवणी आपण कधी विचारल्याच नाहीत याचं फार वाईट वाटलं.

धर्मराजशेठ वाचत होते, "मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मिठाची जड पाटी डोक्यावर घेऊन मी आणि माझी बहीण बांधावरून चालत निघालो..."

"खोटा बोलतंय," मांडवाच्या दाराकडून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. काष्ट्याचं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पुतळाबाई उन्हातून आल्या होत्या. शेजारी नात.

"तुझ्या डोक्यावर कुठली पाटी? तुझ्या पायाला काच लागलेला. पाटीत मीठ नव्हताच, तू बसलेलास. मी डोक्यावर घेऊन आनला तुला घरापरत. रडत होतास, म्हनून गाना गायली."

मांडव खदखदून हसला. धर्मराजशेठ मात्र हसले नाहीत. चष्मा काढून ते लहान पोरासारखे रडायला लागले आणि उठून बहिणीच्या पाया पडले. पुतळाबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात बराच वेळ पाठीवर ठेवला. "उंबऱ्यावर आलास, बस झाला," त्या म्हणाल्या. निशिगंधानं आपल्या पोराला आणून त्यांच्या मांडीवर बसवलं. संघमित्रा डोळे पुसत होती. चंद्रशेखररावही पुसत होते, पण ते म्हणाले, धुरामुळे.

पंगती उठल्या. निघताना पाहुण्यांच्या हातात काहीतरी द्यायची रीत असते, आणि घरातले नारळ तर आमंत्रणातच संपले होते. निशिगंधाला सुचलं. तिनं पोराच्या खोलीतले गठ्ठे सोडले आणि प्रत्येकाच्या हातात हळदकुंकू लावून एकेक पुस्तक ठेवलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी! विक्री शून्य, ब्लॉगवर वाचक शून्य, आणि पुस्तक मात्र गावातल्या घराघरांत गेलेलं. हे यश म्हणावं की काय म्हणावं, ते चंद्रशेखररावांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुतळाबाईंनी आपली प्रत भावाला परत दिली. "मना वाचता येतंय काय? दर रयवारी येऊन तू वाच. मी चुकलेला सांगीन."

आता चंद्रशेखररावांना राहवेना. ते पुढे झाले. "मावशी, यांना एवढी दगदग कशाला? मी यांच्या आवाजात सगळं रेकॉर्ड करून तुमच्या नातीच्या फोनवर पाठवतो. घरबसल्या ऐका."

पुतळाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी कोन?"

"मी... यांना शिकवतो."

"काय शिकवता?"

"माणसांपर्यंत कसं पोचायचं, ते."

"त्यात शिकायचा काय? कलंबोलीला बस जाते."

चंद्रशेखररावांनी हळूच विचारलं, "कुठल्या नंबरची?"